पान दिसते, दाणा दिसत नाही: सोयाबीनचा उतारा आणि उपग्रहाची नजर

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे महसूल मंडळाचे गाव आहे. पीक विम्याच्या हिशेबात एका पिकापुरते सगळे मंडळ म्हणजे एकच शेत. मंडळातल्या एका गावात सोयाबीन चांगले आले आणि दुसऱ्या गावात पाण्याखाली सडले, तरी दोन्हीकडची भरपाई ठरते एकाच आकड्यावर: मंडळाचे सरासरी उत्पादन, हेक्टरी इतके किलो. हा आकडा आजवर पीक कापणी प्रयोगातून येत असे. आता त्यात उपग्रहाचाही वाटा आहे. केंद्र सरकारच्या ‘यस-टेक’ पद्धतीनुसार खरीप २०२३ पासून भात आणि गव्हाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाने काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के भारांकन देण्यात आले, आणि खरीप २०२४ पासून सोयाबीन त्यात आले. मध्य प्रदेश तर पूर्णपणे तंत्रज्ञानाच्या अंदाजावर गेला आहे.

भारांकन म्हणजे काय, हे रुपयांत मांडल्याशिवाय कळत नाही. हिशेबापुरते समजू की मंडळाचे उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यावर भरपाई सुरू होते ते, हेक्टरी ९०० किलो आहे आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. कापणी प्रयोगातून ५४० किलो आले, तर तूट ४० टक्के आणि भरपाई २०,००० रुपये. उपग्रहाच्या अंदाजात मात्र तेच मंडळ ८१० किलोवर बसले. ७०:३० या प्रमाणात दोन्ही मिसळले की उत्पादन होते ६२१ किलो, तूट ३१ टक्के, भरपाई १५,५०० रुपये. निम्मे-निम्मे मिसळले तर ६७५ किलो आणि १२,५०० रुपये. केवळ उपग्रहावर सोडले तर ५,००० रुपये. शेत तेच, पीक तेच. म्हणून उपग्रहाला सोयाबीनचा उतारा किती खरा कळतो, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. महाराष्ट्राने खरीप २०२५ पासून स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान हे भरपाईचे इतर मार्ग बंद करून फक्त उत्पादनावर आधारित भरपाई ठेवली, तेव्हा तर सगळा भार या एकाच आकड्यावर आला.

पिकाचा अंदाज बांधण्याची खटपट आपल्याकडे जुनी आहे. आणेवारी आणि नंतरची पैसेवारी ही नजरेने ठरवायची. सप्टेंबरअखेरची नजर अंदाज पैसेवारी ५० पैशांच्या खाली की वर, यावर मराठवाड्यात आजही गावागावांत चर्चा रंगते. नजरेच्या जागी मोजमाप आणण्याचे काम १९४० च्या दशकात झाले, आणि त्यात एक मराठी नाव ठळक आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात, ठरावीक मापाचा प्लॉट आखून, पीक कापून, मळून, तोलून उत्पादन काढण्याची पद्धत देशभर रुजवली. प्लॉट केवढा असावा, यावर त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी गाजलेला वाद झाला. महालनोबीसांचा कल लहान प्लॉटकडे होता. लहान प्लॉटमध्ये कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी आकड्यांनिशी दाखवले. आजचे ५ बाय ५ किंवा १० बाय ५ मीटरचे प्लॉट त्या विचाराचे वारस आहेत. पुढे दिल्लीत २०१२ साली उपग्रहाधारित पीक अंदाजासाठी केंद्र उभे राहिले ते मात्र महालनोबीसांच्या नावाने.

कापणी प्रयोग निर्दोष आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. मंडळाला एका पिकाचे दहा-बारा प्रयोग. शेताशेतातला फरक ४० टक्क्यांच्या घरात धरला, तर दहा प्लॉटांच्या सरासरीत साडेबारा टक्क्यांची चूक केवळ नमुन्यामुळेच संभवते, मग काम कितीही प्रामाणिक असो. शिवाय सोयाबीनची काढणी आठ-पंधरा दिवसांत उरकते. कृषी सहायक, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याकडे त्याच काळात इतर पिकांचेही प्रयोग असतात. मजूर मिळाले की शेतकरी कोणाची वाट न पाहता कापून मोकळा होतो, कारण परतीच्या पावसाची धास्ती असते. प्लॉटवर विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि गावकरी दोघेही हजर असले की वजनकाट्यावर दोन्ही बाजूंचा दबाव येतो. ओले दाणे तोलले आणि वाळवून पुन्हा तोलायचे राहिले, तर तिथेच आकडा बिघडतो. तंत्रज्ञान आणण्यामागचे हे कारण खरे आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

आता उपग्रहाकडे येऊ. भारतात सुदूर संवेदनाची सुरुवातच एका तेल देणाऱ्या पिकापासून झाली. १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञ प. र. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमध्ये नारळाच्या मूळमर (रूट विल्ट) रोगाचा शोध हेलिकॉप्टरमधून, अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या रंगीत फिल्मवर घेण्यात आला. डोळ्यांना रोग दिसण्याआधीच झाडाच्या पानातून परतणारा अवरक्त प्रकाश बदलतो, हे त्यातून पुढे आले. १९७० च्या दशकातच अमेरिकेने लँडसॅट उपग्रहाच्या आधारे जगभरच्या गव्हाचा अंदाज बांधणारा ‘लेसी’ हा मोठा प्रयोग केला. आपला आयआरएस-१ए उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून गेला. त्याच सुमारास अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने पिकांचे क्षेत्र व उत्पादन यांचा अंदाज बांधणारा कार्यक्रम राज्यांच्या मदतीने उभा केला, आणि नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. २००६ नंतर ‘फसल’ या नावाने ते काम नियमित झाले. तेलबियांत या पद्धतीला सर्वात आधी आणि सर्वात चांगले यश आले ते मोहरीत. कारण साधे आहे: मोहरी रब्बीत येते, तेव्हा आकाश निरभ्र असते, राजस्थान-हरियाणात ती सलग पट्ट्यांत असते आणि फुलोऱ्याचा पिवळा रंग वरून उठून दिसतो.

मराठवाड्यातही अशी एक सोपी तेलबी होती. करडई. जमिनीतल्या ओलीवर, स्वच्छ आकाशाखाली वाढणारी. तिचे क्षेत्र आटत गेले, जवस आणि कारळ बांधापुरते उरले, आणि शिवारभर सोयाबीन पसरले. म्हणजे उपग्रहाला सोपे ते पीक मागे पडले आणि सर्वात अवघड ते पुढे आले.

अवघड का, हे समजायला उपग्रह नेमके काय पाहतो ते पाहिले पाहिजे. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्याच बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो. उघड्या काळ्या जमिनीवर तो शून्याच्या जवळ, दाट पिकावर ०.८ च्या आसपास. त्यापुढे पाने वाढली तरी निर्देशांक जवळपास थांबतो. ऑगस्टमध्ये सोयाबीनने ओळी झाकल्या की चांगले शेत आणि फार चांगले शेत यांतला भेद पुसट होतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहावर लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे तीन पट्टे आहेत. त्यांनी हा भेद थोडा पुढेपर्यंत कळतो.

पानापासून उत्पादनापर्यंत जाण्याचा प्रचलित मार्ग ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन माँटीथ यांच्या १९७० च्या दशकातल्या मांडणीवर उभा आहे. पिकाने हंगामभर किती सूर्यप्रकाश शोषला, याला त्या पिकाच्या प्रकाश वापरण्याच्या क्षमतेने गुणायचे, पाणी आणि तापमानाच्या ताणाप्रमाणे कमी करायचे, की एकूण जैवभार मिळतो. इथपर्यंत उपग्रह खरोखर मदत करतो. शेवटी त्याला एका गुणकाने गुणायचे असते: एकूण जैवभारात दाण्याचा वाटा किती. हेक्टरी ३,००० किलो जैवभार असेल आणि वाटा ०.४ असेल, तर १,२०० किलो दाणे. शेंगा पोचट राहून तोच वाटा ०.२५ वर आला, तर ७५० किलो. उपग्रहाने पाहिलेले हिरवेपण दोन्ही वेळा जवळपास सारखेच. बहुतेक प्रारूपांत हा गुणक ठरलेला किंवा फारसा न बदलणारा धरतात.

ज्वारी-गव्हापेक्षा तेलबियांत हा घोळ मोठा आहे, आणि त्याचे मूळ रसायनात आहे. १ ग्रॅम ग्लुकोजपासून वनस्पती सुमारे ०.८ ग्रॅम स्टार्च तयार करते, पण तेल मात्र सुमारे ०.३३ ग्रॅमच. प्रथिनेही अशीच महाग. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिने. म्हणून दाणे भरण्याच्या तीन-चार आठवड्यांत झाड सगळी कमाई शेंगेत ओतते, वर पानातला नत्रही उपसून दाण्याला देते. या काळात पाऊस ताणला किंवा मुळाशी पाणी साचले, तर आधीच्या दोन महिन्यांची हिरवळ कामाला येत नाही. पान पिवळे पडणे हेही फसवे. वेळेवर पिवळे पडले तर दाणा भरल्याची खूण. तीन आठवडे आधी पडले तर पिवळा मोझॅक किंवा मूळकुज. जेएस ९३०५ सारखे लवकर येणारे वाण आणि फुले संगमसारखे उशिरा येणारे वाण यांच्या पक्वतेत दहा-पंधरा दिवसांचा फरक असतो. पेरणीही एकाच गावात जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत मागेपुढे होते. शेतात कोणते वाण, कधी पेरलेले, हे ठाऊक नसेल तर वरून दिसलेल्या पिवळेपणाचा अर्थ लागत नाही. भुईमुगात तर शेंगाच जमिनीखाली.

नेमका हाच काळ ढगांचा. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी एका जागेवरून जातो, पण जुलै ते सप्टेंबर मराठवाड्यावर ढगांचे छत असते. साऱ्या खरिपात उपयोगी पडतील अशी स्वच्छ चित्रे मोजकीच हाती येतात, आणि दाणे भरतानाचे एखादे मिळाले तरी नशीब. ढगांआडून पाहण्यासाठी रडार वापरतात: सेंटिनेल-१, आपला २०१२ चा रिसॅट-१, नंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. त्यांना हिरवेपण कळत नाही. पिकाची ठेवण, उंची आणि ओल कळते. कापूस आणि सोयाबीन वेगळे ओळखायला ते उत्तम आहे. उताऱ्यासाठी तेवढे नाही, कारण पाऊस पडून जमीन भिजली की परतणारा संकेत पिकामुळे बदलला की ओलीमुळे, हे सुटे करणे कठीण जाते.

मग शेताच्या आकाराचा प्रश्न. १ एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. जुन्या एविफ्स संवेदकाच्या ५६ मीटरच्या एका ठिपक्यात सुमारे पाऊण एकर मावतो. मोडिस या संवेदकाच्या २५० मीटरच्या ठिपक्यात पंधरा एकर. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या हिशेबाने एका एकरात ४० ठिपके येतात, हे पुरेसे वाटते. पण वाटण्या होत होत आपली शेते लांबट पट्ट्या झाली आहेत. २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब अशा एकरात निखळ सोयाबीनची ठिपक्यांची एखादीच ओळ सापडते. बाकी सगळ्यांत बांध, बाभळी, शेजारचा कापूस मिसळलेला. घनसावंगी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस आणि मोसंबीही आहे, त्यामुळे सलग एकपिकी पट्टा दुर्मीळच. त्यात सोयाबीनमध्ये तूर. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ही इथली रुळलेली पद्धत. सप्टेंबरअखेर सोयाबीन पिवळे पडते तेव्हा तूर जोमात हिरवी असते. शेत हिरवे दिसत राहते, आणि प्रारूपाला वाटते की सोयाबीन अजून दाणे भरत आहे.

अमेरिकेतल्या यशाचे दाखले इथे देताना हे अंतर लक्षात ठेवावे लागते. तिथे उपग्रहावरून कौंटीनिहाय सोयाबीनचे अंदाज फार चांगले येतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोडिसची चित्रे आणि सखोल शिक्षणाचे संगणकी तंत्र वापरून ते दाखवले, आणि तेव्हापासून हे तंत्र जगभर गाजले. पण तिथले शेत कितीतरी पटींनी मोठे, पीक एकटे, आणि कापणी यंत्रावरच उत्पादन मोजणारा संवेदक. शिकवायला लाखो खऱ्या नोंदी हाताशी. शिवाय तिथला उतारा हेक्टरी तीन टनांहून अधिक, आपला एका टनाच्या आसपास. हेक्टरी २०० किलोची चूक तिथे सहा-सात टक्के, आपल्याकडे वीस टक्के.

आपल्याकडे यंत्राला शिकवायला काय आहे? पुन्हा कापणी प्रयोगच. प्रकाश-वापराचे प्रारूप, पिकाची वाढ दिवसागणिक गणणारी अनुकरण प्रारूपे, यंत्रशिक्षण, या सगळ्यांची घडण आणि तपासणी मागच्या वर्षांच्या कापणी प्रयोगांवर होते. ते प्रयोग अविश्वसनीय म्हणून उपग्रह आणायचा, आणि उपग्रहाने त्याच प्रयोगांकडून शिकायचे, ही विसंगती कोणी फारशी बोलून दाखवत नाही. कापणी प्रयोगांची संख्या कमी करणे हा तंत्रज्ञानाचा फायदा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते पुढची काही वर्षे तरी भर खरेपणावर हवा: प्रयोग कमी चालतील, पण त्यातला एकही कागदावर भरलेला नसावा. यंत्रशिक्षणाची आणखी एक खोड अशी की ते सरासरीकडे ओढते. बरी वर्षे त्याला चांगली जमतात; अगदी वाईट वर्ष ते कमी वाईट दाखवते. विमा मात्र वाईट वर्षासाठीच असतो.

वाईट वर्षांचे दोन नमुने अलीकडेच येऊन गेले. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. असा ताण उपग्रहाला चांगला कळतो: पाने माना टाकतात, निर्देशांक घसरतो, आकाशही मोकळे असते. दुष्काळाच्या मूल्यमापनात २०१६ च्या केंद्रीय संहितेने वनस्पती निर्देशांकाला स्थान दिले ते योग्यच होते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या निकषांच्या आधारे. दुसरा नमुना सप्टेंबर २०२५ चा. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून प्रचंड विसर्ग झाला, आणि घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून वाहणारी गोदावरी काठ सोडून शिवारात शिरली. सोयाबीन शेंगा भरून काढणीला आले होते. कुठे उभ्या शेंगांना कोंब फुटले, कुठे कापून लावलेल्या गंज्या भिजून काळ्या पडल्या. हंगामभराच्या प्रकाश-शोषणाची बेरीज करणाऱ्या प्रारूपाच्या दृष्टीने हा हंगाम तोवर उत्तम गेलेला असतो. रडारला साचलेले पाणी स्पष्ट दिसते, म्हणून पुराखालचे क्षेत्र अचूक सांगता येते. शेंगेतला दाणा कुजला की वाचला, हे सांगता येत नाही. माझ्या लेखी या सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. कोरड्या वर्षी उपग्रहाच्या आकड्याला वजन देणे न्याय्य ठरू शकते. ओल्या सप्टेंबरात तेच ३० टक्के भारांकन शेतकऱ्याच्या पदरचे काढून घेते. भारांकन दरवर्षी, दर मंडळाला सारखेच का असावे?

जिथे उपग्रह निर्विवाद उपयोगी आहे, ती कामे कमी महत्त्वाची नाहीत. क्षेत्र मोजण्यात तो भरवशाचा आहे. पेरा प्रत्यक्षात किती आणि विमा किती क्षेत्राचा, हा ताळा राज्याला त्याने घेता येतो. ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत गट नंबरनिहाय पीक नोंदवतो; त्या नोंदी आणि उपग्रहाचा नकाशा एकमेकांशी जुळवले, तर दोन्हींतल्या चुका उघड पडतात. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, तेव्हा राज्याच्या पातळीवर सोयाबीनचा वेळेत आलेला अंदाज आयातशुल्काच्या निर्णयालाही हवाच असतो. आणि त्या पातळीवर चुका एकमेकींना खोडून काढत असल्याने तो बराच बरोबर येतो.

सर्वात मोलाचे काम मात्र प्रयोगाच्या जागा निवडण्याचे. मंडळात जोमदार, मध्यम आणि कमजोर असे सोयाबीनचे पट्टे कुठे आहेत, हे ऑगस्टच्या चित्रावरून सांगता येते. प्रत्येक पट्ट्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात प्लॉट वाटले, तर त्याच दहा-बारा प्रयोगांतून अधिक खरी सरासरी मिळते. विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत अशा निवडीची कल्पना आहेच. यात उपग्रह दाण्याबद्दल काही दावा करत नाही. दाणा तराजूवरच तोलला जातो.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या रडार उपग्रहाकडून अपेक्षा वाढल्या आहेत. त्याच्या एल-पट्ट्याच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी पानांच्या आतपर्यंत शिरतात, आणि दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर येतो. तुरीच्या उंच, काष्ठमय ओळी आणि खालचे सोयाबीन यांना तो वेगळे करू शकला, तर मराठवाड्यासाठी ती मोठी गोष्ट होईल. पण हे पारखून घ्यायचे, तर जमिनीवरची नोंद तितकीच बारकाईची हवी. कापणी प्रयोगाच्या अर्जात आज प्लॉट, वजन आणि सह्या यांना जागा असते. त्यात पेरणीची तारीख, वाण, तुरीच्या ओळी किती, शेंगा भरताना शेतात पाणी किती दिवस साचले आणि डागी दाणे किती टक्के, एवढे भरून घेतले आणि मंडळनिहाय आकडे उपग्रहाच्या अंदाजाशेजारी छापून ग्रामपंचायतीत लावले, तर कुंभार पिंपळगाव मंडळाला दोन आकड्यांत अंतर का पडले, ते हंगाम संपायच्या आत तपासता येईल. हे काम कृषी विभाग आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मिळून येत्या खरिपातही सुरू करू शकतात.